मैल कामाचे कोणते आणि घराचे कोणते?

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळची सांगलीची. जानेवारी २०२३मध्ये हेल्थ अँड केअर व्हिसावर इंग्लंडला आले आणि तेव्हापासून लेस्टरमधल्या एका होमकेअर कंपनीत केअरर म्हणून नोकरी करते. आम्ही लफबरोला राहतो. आठवड्यातून पाच दिवस मी गाडीने लेस्टरला जाते, शहरातल्या आणि ओडबी-विगस्टनमधल्या आठ-दहा वृद्धांच्या घरी सेवेला जाते आणि रात्री परत येते. दर सोमवारी मात्र आधी ऑफिसात हजर राहून आठवड्याची कामे वाटून घ्यावी लागतात. गाडी यजमानांच्या नावावर आहे.

एका क्लायंटच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाण्याचे कंपनी मैलाला २० पेन्स देते. २०२४-२५ या करवर्षात तिने असे ६,००० मैलांचे १,२०० पौंड दिले. घरून येण्या-जाण्याचे आणखी सुमारे ५,००० मैल झाले, त्याचे काही मिळत नाही. पगार वर्षाला २४ हजार पौंडांच्या आसपास आहे. कामावरची मैत्रीण म्हणते की सरकार मैलाला ४५ पेन्स परत देते. म्हणजे ११,००० मैलांचे जवळजवळ पाच हजार पौंड झाले. एका एजंटाने फोनवर हेच सांगितले, त्याला त्यातले ३५ टक्के हवे आहेत. हे खरे आहे का? मैलांची वही मी कधी ठेवलेली नाही. शिवाय अर्ज केला तर कंपनी नाराज होईल का आणि व्हिसावर काही परिणाम होईल का, याची धास्ती वाटते.

एक भगिनी, लफबरो

उत्तर

सप्रेम नमस्कार. पाच हजार पौंड मिळणार नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून २०२४-२५ या वर्षाचे तुम्हाला ३०० पौंड मिळायला हवेत आणि ते मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पाच हजार आणि तीनशे यांत एवढी तफावत का पडते, हे समजून घेतलेत तर अर्ज तुम्ही स्वतःच भरू शकाल आणि एजंटाचा फोन पुन्हा आला तर त्याला काय सांगायचे हेही तुम्हाला कळेल.

मैत्रिणीची चूक एका शब्दापाशी झालेली आहे. ब्रिटनच्या कायद्यात मैलाला ४५ पेन्स हा आकडा आहे, पण सरकार ती रक्कम हातात देत नाही. तेवढ्या रकमेवर कर लावायचा नाही, एवढेच ते मान्य करते. ही वजावट आहे, परतफेड नव्हे. भारतात नोकरी करताना आपण सगळ्यांनीच ८०सी कलमाखाली दीड लाखापर्यंतची गुंतवणूक दाखवलेली असते. दीड लाख दाखवले म्हणून आयकर खात्याने दीड लाख परत पाठवले, असे कोणाच्याच बाबतीत घडले नाही; त्या रकमेवर जो कर बसला असता तेवढाच वाचला. येथेही हाच न्याय आहे. या सवलतीला मायलेज अलाउन्स रिलीफ म्हणतात आणि नोकरीच्या मिळकतीवरील आयकराचा २००३चा जो कायदा आहे, त्याच्या २३१व्या कलमात ती दिलेली आहे.

आता हिशेब पाहू. स्वतःची मोटार किंवा व्हॅन कामासाठी वापरली तर करवर्षातल्या पहिल्या १०,००० मैलांना ४५ पेन्स आणि त्यापुढच्या प्रत्येक मैलाला २५ पेन्स असा मान्य दर २०११-१२पासून चालत आलेला आहे. मोटारसायकलला तो २४ पेन्स आणि सायकलला २० पेन्स आहे. तुमच्या ६,००० मैलांना ४५ पेन्स लावले की २,७०० पौंड होतात. कंपनीने दिलेले १,२०० पौंड त्यातून वजा केले की १,५०० पौंड उरतात, आणि हीच तुमची वजावट. तुमचा पगार २० टक्क्यांच्या पायरीत असल्यामुळे १,५०० पौंडांवरचा वाचणारा कर ३०० पौंड. कंपनीने ४५ पेन्स दिले असते तर मागायला काहीच उरले नसते, आणि त्याहून जास्त दिले असते तर वरच्या रकमेवर तुम्हालाच कर भरावा लागला असता. या दरात पेट्रोल, विमा, दुरुस्ती, रस्ता कर आणि गाडीची झीज हे सगळे धरलेले असते, त्यामुळे पेट्रोलच्या पावत्या वेगळ्या जोडून काही मिळत नाही. क्लायंटच्या घराजवळ गाडी लावायचे शुल्क मात्र या दराच्या बाहेरचे आहे. कंपनीने ते भरून दिले नसेल तर त्याचा दावा पावतीसह वेगळा करता येतो. चुकीच्या जागी गाडी लावल्याचा दंड तेवढा आपलाच.

पेस्लिपवर एक गोष्ट जरूर पाहा. हे २० पेन्स करमुक्त आहेत, त्यांवर ना आयकर लागतो ना नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी. म्हणून ते पगाराच्या ओळीत मिसळलेले नसावेत, वेगळे दिसायला हवेत. ते पगारात मिसळून त्यांवर कर कापला जात असेल, तर ती चूक पेरोलच्या माणसाकडून आधी दुरुस्त करून घ्यावी लागेल.

मी हिशेबात ६,००० मैल धरले आणि तुमचे घरून येण्या-जाण्याचे ५,००० मैल सोडून दिले, हे तुमच्या लक्षात आले असेल. सगळ्या प्रकरणातला खरा किचकट भाग हाच आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. कामाला जाण्यासाठी केलेला प्रवास आणि कामाचा भाग म्हणून केलेला प्रवास यांत कायदा काटेकोर फरक करतो. घर आणि कायमचे कामाचे ठिकाण यांच्यामधला प्रवास, म्हणजे कायद्याच्या भाषेत नेहमीची ये-जा, हा माणसाचा खासगी प्रवास समजला जातो. घर लांब घेतले ही आपली निवड, तिचा खर्च सरकारने का सोसावा, असा त्यामागचा विचार आहे. तो विचार घरभाड्याने पिचलेल्या माणसाला गोड वाटणार नाही, पण कायदा तसा आहे. उलट एका क्लायंटचे घर आटोपून दुसऱ्या क्लायंटच्या घरी जाणे हे तुमच्या कामातच मोडते आणि त्याबद्दल वाद नाही.

प्रश्न उरतो तो तुमचे कायमचे कामाचे ठिकाण कोणते, हा. तुम्ही म्हणाल, मी तर दिवसभर दारोदार हिंडते, ऑफिसात आठवड्यातून एकदाच जाते, मग माझे कायमचे ठिकाण नाहीच! या युक्तिवादाची वाट त्याच कायद्याच्या ३३९व्या कलमाने अडवून ठेवली आहे. जेथे कर्मचाऱ्याला कामे वाटून दिली जातात अशा जागी तो नियमितपणे जात असेल, तर बाकीचे सगळे काम बाहेर होत असले तरी ती जागा कायमचे ठिकाण ठरते. दर सोमवारी कामे वाटून घेण्यासाठी तुम्ही ऑफिसात जाता. माझ्या मते तुमच्या बाबतीत ऑफिस हेच कायमचे ठिकाण ठरेल, आणि म्हणून सोमवारचा लफबरो ते ऑफिस हा प्रवास तुमची नेहमीची ये-जा आहे.

मग मंगळवार ते शुक्रवार घरून थेट पहिल्या क्लायंटकडे जाता, त्याचे काय? तेथे क्लायंटचे घर हे तात्पुरते ठिकाण आहे आणि घरून तात्पुरत्या ठिकाणी जाण्याला एरवी सवलत मिळते. पण तो प्रवास नेहमीच्या ये-जाशी जवळपास सारखाच असेल तर मिळत नाही. लफबरोहून ओडबीला जाताना तुम्ही त्याच रस्त्याने लेस्टरपर्यंत येता आणि पुढे थोडे मैल जाता. हा प्रवास वेगळा आहे असे म्हणणे मला तरी धाडसाचे वाटते आणि मी तुमच्या जागी असतो तर तो दाव्यात धरला नसता. याउलट एखाद्या दिवशी कंपनीने तुम्हाला घरून थेट मेल्टन मोब्रेला पाठवले, तर ती दिशाच वेगळी आहे. त्या दिवसाचा घरापासूनचा सगळा प्रवास धरावा. कंपनीने प्रशिक्षणासाठी नॉटिंगहॅमला पाठवले असेल, तर तेही असेच. क्लायंटला रुग्णालयात नेणे, त्यांची औषधे किंवा वाणसामान आणणे ही तुम्हाला सोपवलेली कामे असतील तर ते मैल कामाचेच आहेत, आणि बहुतेक जणी नेमके हेच मैल विसरतात.

उद्या कंपनीने सोमवारची बैठक बंद केली आणि कामे फोनवरच्या ॲपवर यायला लागली, तर चित्र बदलेल. नेमणूकपत्रात तुमचे काम एखाद्या ठरावीक भागापुरते नेमून दिलेले असेल आणि त्या भागात कोणतेही एक कायमचे ठिकाण नसेल, तर तो सगळा भागच कायमचे कामाचे ठिकाण समजला जातो. तसे झाल्यास लफबरोहून त्या भागाच्या हद्दीपर्यंतचा प्रवास नेहमीची ये-जा राहील आणि हद्दीच्या आतला प्रवास कामाचा होईल. हद्दीपासून पहिल्या घरापर्यंत आणि शेवटच्या घरापासून हद्दीपर्यंत वर्षाला समजा १,००० मैल निघाले आणि कंपनीने त्याचे काही दिले नाही, तर वजावट ४५० पौंडांनी आणि परतावा ९० पौंडांनी वाढेल. म्हणून नेमणूकपत्र एकदा नीट वाचून ठेवा. तोपर्यंत हे मैल बाजूला ठेवलेले बरे.

तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण अनेक केअररांची पाळी सकाळी सात ते अकरा आणि मग दुपारी चार ते नऊ अशी तुटलेली असते आणि मधल्या वेळेत त्या घरी जाऊन येतात. स्वयंपाक करायला, मुलाला शाळेतून आणायला किंवा नुसते पाठ टेकायला घरी गेलात तर तो प्रवास खासगी आहे, मग कंपनीने मधला वेळ रिकामा ठेवल्यामुळेच जावे लागले असले तरी. याबाबत तुमच्याबद्दल कितीही सहानुभूती वाटली तरी मला दुसरे उत्तर देता येत नाही. दोघींनी मिळून करायच्या भेटीसाठी एकाच गाडीतून गेलात, तर मैलांचा दावा गाडी चालवणारीनेच करायचा असतो. बरोबरच्या सहकाऱ्यामागे मैलाला ५ पेन्स करमुक्त द्यायची मुभा कंपनीला आहे, पण कंपनीने ते दिले नाहीत म्हणून त्याची करसवलत मागता येत नाही.

गाडी यजमानांच्या नावावर आहे, याने काही बिघडत नाही. गाडी कंपनीने दिलेली नसावी, एवढीच अट आहे. ती पतीची असो, कर्जावरची असो किंवा तुम्ही स्वतः भाडेकराराने घेतलेली असो, दर तोच. विजेवर चालणारी असली तरी दर तोच. मात्र पगारातून रक्कम वळती करून मालकामार्फत घेतलेली गाडी करापुरती कंपनीचीच समजली जाते आणि तिला हे ४५ पेन्स लागू नाहीत. राष्ट्रीय आरोग्य सेवेत काम करणाऱ्या आपल्या बऱ्याच मराठी परिचारिका आणि डॉक्टर मंडळींनी अशा गाड्या घेतलेल्या आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. नावापेक्षा विम्याची काळजी अधिक करा. नुसत्या घरगुती वापराचा आणि कामावर जाण्या-येण्याचा विमा असेल, तर घरोघरी सेवेला जाताना झालेल्या अपघाताला तो लागू पडेलच असे नाही. पॉलिसीत तुमचे नाव चालक म्हणून आहे ना आणि कामासाठी वापर नोंदलेला आहे ना, हे आजच पाहा. कराचा अर्ज एक महिना थांबला तरी चालेल, हे थांबून चालणार नाही.

आता वहीकडे येऊ. ऑक्टोबर २०२४पासून कर खाते, म्हणजे एचएमआरसी, अशा दाव्यांबरोबर पुरावा मागते आणि मायलेजच्या बाबतीत तो पुरावा म्हणजे मैलांची नोंदवही. तिच्यात प्रत्येक प्रवासाची तारीख, निघालात तेथला पोस्टकोड, पोहोचलात तेथला पोस्टकोड, मैल आणि प्रवासाचे कारण असायला हवे. वही ठेवलेली नाही म्हणून निराश होऊ नका, कारण तुमच्या धंद्यात ती मागाहून खरीखुरी तयार करता येते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाच्या घरी गेलात हे कंपनीच्या रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या वेळापत्रकावर, किंवा ॲपवर नोंदलेले असते. तो रोटा मागवून घ्या किंवा उतरवून घ्या, एका घरापासून दुसऱ्या घरापर्यंतचे अंतर नकाशावर मोजा आणि संगणकावर तक्ता करा. तेच ते रस्ते पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांची नोंद झाली की बाकीचे काम वेगाने होते. शेवटी येणारी बेरीज कंपनीने पैसे दिलेल्या ६,००० मैलांशी साधारण जुळते का, ते पाहा. ती फार वर गेली तर कोठेतरी घराची ये-जा आत शिरली असे समजा.

ताळा पाहण्याचा आणखी एक मार्ग आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणजे ती रस्त्यावर चालवायला योग्य आहे का याची, तपासणी होते आणि त्या वेळचा मीटरचा आकडा सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून कोणालाही फुकट पाहता येतो. कर खात्यालाही तो अर्थातच पाहता येतो. गाडी वर्षात नऊ हजार मैल चालली असताना कामाचे अकरा हजार दाखवणारे लोक मी पाहिलेले आहेत.

नोंदवहीत क्लायंटची नावे मात्र लिहू नका. ‘एलई१८पासून एलई२पर्यंत, सेवाभेट’ अशा धर्तीवर, पण पूर्ण पोस्टकोडसह नोंद केली की पुरे. कोणाला कोणता आजार आहे, कोणाकडे किती वेळा जावे लागते, ही माहिती कर खात्याला नको आहे आणि ती बाहेर देणे तुमच्या नोकरीच्या शिस्तीत बसणार नाही. येथून पुढे मात्र रोजची नोंद रोज करा. गाडीत एक छोटी वही ठेवा किंवा फोनमध्ये लिहा, जे हाताला बसेल ते.

अर्जाचे नाव पी-८७. वजावटीची रक्कम वर्षाला २,५०० पौंडांपर्यंत असेल तर हा अर्ज चालतो. त्याहून जास्त असेल तर स्वयंमूल्यांकनाचे विवरणपत्र भरावे लागते. तुमचे १,५०० पौंड मर्यादेत बसतात. अर्ज भरायला नॅशनल इन्शुरन्स नंबर, कंपनीचा पेरोल संदर्भ क्रमांक, तुमच्या कामाचे स्वरूप, मैलांची बेरीज आणि कंपनीने दिलेली रक्कम एवढी माहिती लागते. संदर्भ क्रमांक तुमच्या पी-६०वर, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा जो दाखला कंपनी देते त्यावर, छापलेला असतो. प्रत्येक करवर्षासाठी वेगळा दावा करायचा असतो, आणि येथले करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन पुढच्या ५ एप्रिलला संपते. आपल्याला ३१ मार्चची सवय असते, म्हणून रोटावरून बेरीज करताना या पाच दिवसांची गल्लत टाळा.

मागच्या वर्षांचेही मागता येते. ज्या वर्षाचा दावा, ते वर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत असते. त्यामुळे २०२३-२४साठी ५ एप्रिल २०२८पर्यंत आणि २०२४-२५साठी ५ एप्रिल २०२९पर्यंत वेळ आहे. जानेवारी ते एप्रिल २०२३ हे तुमचे पहिले तीन महिने २०२२-२३ या वर्षात येतात. त्यांच्यासाठी कष्ट घेऊ नका, कारण २४ हजारांच्या हिशेबाने तीन महिन्यांचा पगार १२,५७० पौंडांच्या करमुक्त मर्यादेच्या कितीतरी खाली राहिला असणार, म्हणजे तुमच्यावर कर बसतच नव्हता. आणि जो कर भरलेलाच नाही त्याची सवलत कोठून मिळणार? त्या तीन महिन्यांत तात्पुरत्या टॅक्स कोडमुळे (पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला या कोडवरून कळते) कर कापला गेला असेल आणि नंतर परत आला नसेल, तर तो सगळाच्या सगळा तुमचा आहे. त्याचा मायलेजशी संबंध नाही, पण जुन्या पेस्लिपा काढून पाहाच.

संपलेल्या वर्षांचा परतावा चेकने किंवा थेट बँकेत येतो. चालू वर्षासाठी टॅक्स कोड बदलून मिळू शकतो: नेहमीचा कोड १२५७एल असतो, त्यात १,५०० पौंडांची भर पडली की तो १४०७एल होतो आणि दर महिन्याला थोडा कमी कर कापला जातो. मला स्वतःला चालू वर्षाचा अंदाज बांधून कोड वाढवून घेण्यापेक्षा वर्ष संपल्यावर खऱ्या मैलांवर दावा केलेला आवडतो. काम बदलले, मैल घटले आणि कोड तसाच राहिला तर पुढे कराची बाकी निघते आणि ती नेमकी नको त्या वेळी निघते.

एजंटाला काही सांगायचेच असेल तर नकार सांगा. हा अर्ज भरायला सरकार एक पेनीही घेत नाही. तुमच्या ३०० पौंडांतले ३५ टक्के म्हणजे १०५ पौंड, आणि रोटावरून मैल काढण्याचे खरे कष्ट तुम्हालाच करावे लागणार. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. घरची ये-जा धरून फुगवलेला दावा त्याने तुमच्या नावे टाकला आणि पुढे तो तपासणीत सापडला, तर उत्तर द्यायचे तुम्ही: परतावा व्याजासह परत करावा लागतो, वर दंडही होऊ शकतो, आणि एजंट घेतलेले ३५ टक्के परत आणून देत नाही. पूर्वी असे एजंट एका सहीने परताव्याचा हक्कच कायमचा आपल्या नावावर करून घेत असत. मार्च २०२३पासून आयकराच्या परताव्याचे असे हस्तांतरण कायद्याने निरर्थक ठरवले आहे. तरीही कसलाही कागद न वाचता सही करू नका आणि फोनवर नॅशनल इन्शुरन्स नंबर देऊ नका.

कंपनीच्या नाराजीची भीती मला समजते, कारण व्हिसा तिच्या प्रायोजकत्वावर उभा आहे. पण हा व्यवहार तुमचा आणि कर खात्याचा आहे. कंपनीच्या सहीची त्यात गरज नसते आणि परतावा कंपनीच्या खिशातून जात नाही. मागच्या वर्षांचा दावा केल्याचे तिला कळायचेही कारण नाही. चालू वर्षाचा कोड बदलला तर तिच्याकडे फक्त नवा कोड जातो, तो का बदलला हे त्यात लिहिलेले नसते. रोटा मागताना मात्र तिच्याकडे जावे लागेल. तेव्हा कराच्या नोंदीसाठी हवा, असे सरळ सांगावे. व्हिसाच्या नियमांत ज्याला सार्वजनिक निधी म्हणतात ती सरकारी भत्त्यांची ठरलेली यादी आहे आणि करसवलत त्या यादीत येत नाही, त्यामुळे सार्वजनिक निधी न घेण्याच्या तुमच्या व्हिसावरच्या अटीचा भंग होत नाही. काळजी करायचीच तर खोट्या दाव्याची करावी, कारण पुढे कधी नागरिकत्वासाठी अर्ज केलात तर कराच्या बाबतीत तुम्ही कसे वागलात, हेही पाहिले जाते.

जाता जाता, कंपनीकडे बोलायची वेळ आलीच तर मैलांपेक्षा मिनिटांबद्दल आधी विचारा. एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात जाणारा वेळ किमान वेतनाच्या हिशेबात कामाचा वेळ म्हणून धरावा लागतो. एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या वर्षासाठी २१ वर्षे आणि त्यावरच्या कर्मचाऱ्यांचे किमान वेतन तासाला १२ पौंड २१ पेन्स होते. तुमच्या पेस्लिपवर फक्त भेटींचीच मिनिटे मोजलेली असतील, तर दिवसाकाठी जाणारा तासाभराचा पगार हा ३०० पौंडांच्या परताव्यापेक्षा कितीतरी मोठा विषय आहे. त्याबद्दल अकास या नोकरीविषयक सल्ला देणाऱ्या संस्थेच्या दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो. विचारताना आपले नाव न सांगितले तरी चालते.

पत्र सविस्तर आणि आकड्यांसह लिहिलेत, म्हणून उत्तरही आकड्यांनी देता आले. सुरुवात २०२४-२५पासून करा, कारण त्या वर्षाचा रोटा ॲपवर अजून सहज सापडेल. २०२३-२४चा रोटा मात्र कंपनीकडे आताच मागून ठेवा. दाव्याला २०२८पर्यंत मुदत असली तरी कंपनी आपल्या जुन्या नोंदी तोपर्यंत जपून ठेवील, याची कोणी हमी दिलेली नाही.